देवघेवीची नोंदवही वेबवर आणायची आहे, पण फ्रेमवर्क शिकताना अडखळते आहे

पानखूण यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली अकरा वर्षे ग्रंथपाल आहे. मराठी घेऊन बी.ए. केले, नंतर ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतली; संगणकाचे औपचारिक शिक्षण टायपिंग आणि कार्यालयीन कामापुरते झाले. आमच्याकडे चौदा हजारांच्या आसपास पुस्तके आहेत आणि दाखल नोंदवही, सभासद नोंदवही, देवघेवीची वही हे सारे अजून हातानेच चालते. संध्याकाळी गर्दीच्या वेळी एखाद्याने "अमुक पुस्तक कोणाकडे गेले आहे?" असे विचारले की मला चार-चार पाने उलटावी लागतात आणि तोपर्यंत रांग थांबते. हे काम संगणकावर आणि तेही स्वतः लिहिलेल्या प्रणालीवर आणावे, या इच्छेने मी गेल्या दिवाळीनंतर पायथन शिकायला घेतले.

पायथनची भाषा मला आवडली. याद्या, फंक्शन, क्लास इथपर्यंत मी रोज रात्री तासभर बसून आले. नंतर जँगो हे पायथनमधले वेब फ्रेमवर्क (वेब ॲप्लिकेशन्स लिहिण्याचा तयार साचा) सुरू केले आणि तिथे माझी गाडी रुतली. व्हिडिओ पाहून मी एक कामांची यादी आणि एक ब्लॉग अशी दोन ॲप्लिकेशन्स तयार केली, दोन्ही चालतातही. मात्र व्हिडिओ बंद करून रिकामी फाइल उघडली की कुठून सुरुवात करावी हेच सुचत नाही. एकदा फॉर्म भरून बटण दाबल्यावर पडद्यावर ४०३ क्रमांकाची चूक आली. इंटरनेटवर शोधून फॉर्ममध्ये एक ओळ घातली आणि फॉर्म चालू लागला, पण ती ओळ काय करते हे मला आजही सांगता येणार नाही. चालले याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी आपण न समजता काहीतरी जोडत चाललो आहोत याची भीती वाटली.

त्यात सल्ल्यांची भर पडली आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा भाचा म्हणतो की आता सगळे रिॲक्टमध्ये चालते, जँगो सोडून दे. ओळखीचे एक गृहस्थ लॅराव्हेल घ्या म्हणतात. माझे वय ३८ आहे, घर आणि नोकरी सांभाळून दिवसाला एक तास मिळतो, आणि तो तास चुकीच्या दिशेने घालवण्याची माझी तयारी नाही. हा विषय माझ्या आवाक्यातला आहे का, फ्रेमवर्क बदलावे का आणि येथून पुढे नेमके काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे ही विनंती.

---

घाटमाथा यांचा प्रतिसाद

ताई, गेली सोळा वर्षे मी वेब ॲप्लिकेशन्स लिहून पोट भरतो आणि नव्याने रुजू झालेल्या मुलांना शिकवण्याचे कामही माझ्याकडेच असते. रिकाम्या फाइलसमोर हात थांबतो हे आपण जसे लिहिले आहे, तसेच ती मुलेही पहिल्या महिन्यात सांगतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे संगणकाची पदवी असते. व्हिडिओत कोणती माहिती साठवायची, कोणते पान आधी करायचे, कशाला काय नाव द्यायचे हे सारे निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात. आपण फक्त टाइप करतो. म्हणून हात टायपिंगला सरावतो आणि निर्णयाला सरावत नाही. त्यावर उपाय म्हणजे निर्णय घ्यायला लागणे, आणि आपल्या बाबतीत तर अर्धेअधिक निर्णय अकरा वर्षांपूर्वीच होऊन वहीत उतरलेले आहेत.

उद्या तासभर संगणक सुरूच करू नका. देवघेवीची वही समोर घ्या आणि तिचे रकाने कोऱ्या कागदावर उतरवा: दाखल क्रमांक, ग्रंथाचे नाव, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, सही. आता प्रत्येक रकान्याला विचारा की हा मजकूर मूळचा कोणत्या वहीतला आहे. ग्रंथाचे नाव देवघेवीच्या वहीत केवळ सोयीसाठी लिहिले जाते, ते खरे तर दाखल नोंदवहीचे आहे. सभासदाचा पत्ता आपण देवघेवीच्या वहीत लिहीतच नाही, क्रमांक लिहितो आणि गरज पडली तर सभासद नोंदवही काढतो. डेटाबेसच्या पुस्तकांत ज्याला फॉरिन की म्हणतात तो हाच क्रमांक. आपण तो रोज शंभर वेळा लिहिता.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे, आणि माझ्या हाताखालची मुले तिथेच हमखास चुकतात. समजा एकाच कादंबरीच्या आपल्याकडे पाच प्रती आहेत. संगणक शिकलेला पण ग्रंथालयात कधी न बसलेला माणूस 'पुस्तक' नावाचे एकच मॉडेल (डेटाबेसमधल्या एका वहीचा नमुना) करतो, त्यात 'शिल्लक प्रती' असा आकडा ठेवतो आणि पुस्तक दिले की एक वजा करतो. महिनाभराने तिसरी प्रत फाटून परत येते आणि ती कोणाकडे होती हे त्या प्रणालीला सांगता येत नाही. आपल्याला हे कोणी शिकवायला नको, कारण पाच प्रतींना पाच वेगवेगळे दाखल क्रमांक असतात हे आपण डोळे मिटून सांगाल. म्हणून मॉडेल चार होतील: पुस्तक, प्रत, सभासद आणि देवघेव. पुस्तकाकडे नाव, लेखक, प्रकाशक. प्रतीकडे दाखल क्रमांक आणि किंमत. देवघेवीकडे प्रत, सभासद आणि दोन तारखा. परत आल्याची तारीख रिकामी असेल तर प्रत बाहेर आहे, भरलेली असेल तर कपाटात आहे. एका प्रतीची परत न आलेली नोंद एका वेळी एकच असू शकते, हा नियमही जँगोत डेटाबेसच्या पातळीवर लिहिता येतो. मग दोन खिडक्यांवरून एकच प्रत दोघांना देण्याचा प्रयत्न झाला तरी दुसरी नोंद नाकारली जाते.

फॉरिन की लिहिताना जँगो आपल्याला एक प्रश्न विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही: ज्याच्याकडे हा क्रमांक बोट दाखवतो ते मूळ पुसले गेले तर काय करायचे? व्हिडिओत बहुधा 'कॅस्केड' लिहिलेले असते आणि सगळे तेच उतरवून घेतात. त्याचा अर्थ असा की सभासदाने सभासदत्व सोडले म्हणून त्याची नोंद काढली, तर त्याच्या सर्व जुन्या देवघेवी त्याच क्षणी नाहीशा होतील. आपण देवघेवीच्या वहीतले पान कधी फाडता का? तेथे 'प्रोटेक्ट' लिहा, म्हणजे नोंदी असलेला सभासद पुसलाच जाणार नाही, आणि सभासदत्व चालू आहे की बंद यासाठी वेगळा रकाना ठेवा.

एवढे कागदावर झाले की मगच यंत्राकडे वळा आणि एका बटणाचा प्रवास शेवटपर्यंत बघा. 'परत घेतले' हे बटण घ्या. ते दाबले की ब्राउझर सर्व्हरकडे एक पोस्ट विनंती पाठवतो आणि तिच्यात देवघेवीचा क्रमांक असतो. जँगो प्रथम यूआरएलच्या यादीत पाहतो की हा पत्ता कोणत्या फंक्शनकडे जातो. त्या फंक्शनला व्ह्यू म्हणतात. व्ह्यू त्या क्रमांकाची नोंद डेटाबेसमधून काढते, परतीची तारीख भरते, जतन करते आणि उत्तर म्हणून पान न पाठवता ३०२ क्रमांकाचा निरोप पाठवते, म्हणजे "आता या दुसऱ्या पत्त्यावर जा". ब्राउझर तिकडे जातो, गेट विनंती करतो आणि तेव्हा टेम्प्लेटमधून, म्हणजे पानाच्या साच्यातून, तयार झालेले पान दिसते. मधला हा वळसा अशासाठी की कोणी पान पुन्हा लोड केले तरी तीच नोंद दुसऱ्यांदा पाठवली जाऊ नये. प्रत्येक टप्प्यावर आपल्या कोडमध्ये एक प्रिंटची ओळ घाला आणि टर्मिनलवर त्या कोणत्या क्रमाने उमटतात ते पाहा. मी शिकवताना पहिल्या आठवड्यात एवढेच करून घेतो. जँगो असो वा दुसरे कोणतेही फ्रेमवर्क, हा प्रवास सगळीकडे जवळजवळ सारखाच आहे.

आणि ती ४०३ची ओळ. आपण आपल्या प्रणालीत लॉगिन केलेले असताना त्याच ब्राउझरमध्ये दुसरे एखादे संकेतस्थळ उघडले, आणि त्या संकेतस्थळाने लपवलेला फॉर्म आपल्या प्रणालीच्या पत्त्यावर पाठवला, तर एरवी ब्राउझर आपली लॉगिनची कुकी सोबत जोडून देऊ शकतो. सर्व्हरला वाटेल की विनंती आपणच केली. म्हणून जँगो स्वतः दिलेल्या प्रत्येक फॉर्मवर एक गुप्त खूण ठेवतो आणि फॉर्म परत आल्यावर ती तपासतो. खूण नसेल तर ४०३. आपण घातलेली ओळ ती खूण छापते. ग्रंथालयाचा शिक्का नसलेली पावती आपण जशी स्वीकारत नाही, तसेच हे आहे. न समजता जोडलेल्या ओळीची भीती वाटणे हे चांगल्या प्रोग्रामरचे लक्षण मी मानतो, कारण ज्यांना ती वाटत नाही त्यांचे कोड मला नंतर दुरुस्त करावे लागते.

---

लाकडी पूल यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी फक्त फ्रेमवर्क बदलण्याच्या प्रश्नावर लिहितो.

आपल्या भाच्याचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्याने दोन वेगळ्या कामांची तुलना केली आहे. रिॲक्ट हे २०१३ साली फेसबुकने खुले केले आणि त्याचे मुख्य काम ब्राउझरमधील पडदा रंगवणे व बदलता ठेवणे हे आहे. पुस्तक कोणाकडे आहे ही माहिती कोठेतरी साठवावी लागेल, ती कोणाला पाहू द्यायची हे कोणीतरी ठरवावे लागेल, आणि ते काम सर्व्हरवरच होते. रिॲक्ट घेतले तरी मागे जँगो, लॅराव्हेल किंवा तत्सम काहीतरी लागणारच. म्हणजे आपल्या एका तासात एकाऐवजी दोन गोष्टी शिकाव्या लागतील. आपल्या प्रणालीत याद्या, फॉर्म आणि शोध एवढेच आहे. त्यासाठी सर्व्हरवर तयार झालेली साधी एचटीएमएल पाने पुरेशी आहेत, आणि ग्रंथालयातील जुन्या संगणकावरही ती चटकन उघडतील.

लॅराव्हेल मी स्वतः सहा वर्षे वापरले आहे. २०११ साली आलेले हे पीएचपीचे फ्रेमवर्क उत्तम आहे, आणि आपण पीएचपीपासून सुरुवात केली असती तर मी तेच घ्या म्हणालो असतो. मात्र आपल्याला पायथन आवडले आहे आणि त्यात आपण काही महिने घातले आहेत, ते सोडण्याचे मला एकही कारण दिसत नाही.

शिवाय जँगोचा जन्म कसा झाला ते पाहिले तर ते आपल्या कामाच्या किती जवळचे आहे हे लक्षात येईल. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन काम करत होते. वृत्तपत्राची कामे दिवसांत, कधी काही तासांत पूर्ण करावी लागत. प्रत्येक वेळी तेच यूआरएल, त्याच याद्या, तेच फॉर्म लिहिण्याऐवजी त्यांनी २००३ पासून त्यातला सामायिक भाग बाजूला काढायला सुरुवात केली आणि जुलै २००५ मध्ये तो जँगो या नावाने सर्वांसाठी खुला केला. मजकूर भरणारे लोक पत्रकार होते, प्रोग्रामर नव्हते; त्यांना माहिती भरता यावी म्हणून जँगोसोबत ॲडमिन विभाग तयारच मिळतो. आपण चार मॉडेल लिहून ती ॲडमिनमध्ये नोंदवली की एकही टेम्प्लेट न लिहिता पुस्तके, प्रती आणि सभासद भरता येतील. पहिल्याच आठवड्यात खरी माहिती आत जाऊ लागेल. नवशिक्याला टिकून राहायला याहून मोठा आधार मला माहीत नाही.

रुबी ऑन रेल्सही असेच २००४ साली बेसकॅम्प या चालू उत्पादनातून वेगळे काढले गेले. फ्रेमवर्क म्हणजे कोणीतरी तेच काम वीस वेळा करून शेवटी त्याचा साचा करून ठेवलेला असतो. आपण ते काम एकदाही हाताने केलेले नसते, म्हणून साचा अनाकलनीय वाटतो. वेळ मिळाला तर दोन-तीन रात्री जँगो बाजूला ठेवून पायथनमधील साध्या एचटीटीपी सर्व्हरवर 'नमस्कार' असे एक पान स्वतः पाठवून पाहा. पत्ता तपासणे, मजकूर जोडणे, फॉर्मचे तुकडे करणे हे सारे हाताने करावे लागेल. त्यानंतर जँगोची प्रत्येक फाइल कशासाठी आहे हे आपोआप उलगडेल.

एक प्रामाणिक सूचना. ग्रंथालयाचे दैनंदिन काम तातडीने संगणकावर न्यायचे असेल, तर त्यासाठी कोहा ही मुक्त प्रणाली उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती १९९९ साली लिहिली गेली आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिच्यामुळे आपल्या शिकण्याचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. उलट तिचे पडदे पाहून देवघेव, दंड, आरक्षण या गोष्टी जाणत्या लोकांनी कशा मांडल्या आहेत याचा अभ्यास करता येईल.

---

अबोली यांचा प्रतिसाद

मी ४१व्या वर्षी शिकायला सुरुवात केली. रत्नागिरीजवळच्या गावात आमचा आंबा पाठवण्याचा व्यवसाय आहे, आणि पेट्यांच्या नोंदीसाठी मी जँगोमध्ये लिहिलेली प्रणाली हा तिसरा हंगाम चालते आहे. म्हणून वयाविषयी मी एवढेच सांगेन की वय आड येत नाही, थकवा येतो. रात्री अकरा वाजता न सुटलेली अडचण सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटांत सुटल्याचे मी इतक्या वेळा अनुभवले आहे की आता रात्री अर्ध्या तासात मार्ग सापडला नाही तर मी "कुठे अडले" हे एका वाक्यात वहीत लिहिते आणि संगणक बंद करते.

मला सर्वांत जास्त त्रास चुकांच्या इंग्रजी संदेशांनी दिला. पिवळे पान आणि त्यावर चाळीस ओळी आल्या की डोळ्यांपुढे अंधारी येत असे. पुढे कळले की ते वाचण्याची एक रीत आहे. पायथनमध्ये शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची असते, कारण प्रत्यक्ष काय बिघडले ते तिथे लिहिलेले असते. ती आधी वाचायची, मग वर वर जात आपल्या स्वतःच्या फाइलचे नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबायचे. मधल्या जँगोच्या आतल्या ओळी सोडून द्यायच्या. चाळीसपैकी तीनच ओळी आपल्या कामाच्या असतात.

माझे एक उदाहरण सांगते. पेटीच्या मॉडेलमध्ये मी 'दर्जा' हा नवा रकाना घातला आणि पान उघडले तर डेटाबेस म्हणतो, असा रकानाच नाही. मी कोड दहा वेळा तपासला, त्यात चूक नव्हतीच. मॉडेल बदलणे म्हणजे वहीच्या नमुन्यावर नवा रकाना आखणे. प्रत्यक्ष वहीवर तो आखला जाण्यासाठी मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट या दोन आज्ञा द्याव्या लागतात. पहिली बदलाची चिठ्ठी तयार करते, दुसरी ती चिठ्ठी डेटाबेसवर लागू करते. मी पहिली देऊन दुसरी विसरले होते. त्या दिवसापासून मी चुकांची वही ठेवते: डाव्या पानावर संदेशाची शेवटची ओळ जशीच्या तशी, उजव्या पानावर मराठीत त्याचा अर्थ आणि कारण. दीडशे नोंदी झाल्यावर माझ्या लक्षात आले की नव्या चुका जवळपास थांबल्या आहेत, त्याच त्या फिरून येतात आणि आता त्या ओळखीच्या आहेत.

अजून दोन गोष्टी, कारण आपल्याकडे लोकांची माहिती असणार आहे. सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते त्यात असतील, म्हणून पहिले सहा महिने ही प्रणाली इंटरनेटवर ठेवू नका, ग्रंथालयाच्या संगणकावरच चालवा. सुरुवातीला जँगो एसक्यूलाइट वापरते आणि त्यात सारा डेटाबेस एकाच फाइलमध्ये असतो. रोज संध्याकाळी प्रणाली बंद केल्यावर ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची सवय लावा. आणि कागदी वही लगेच बंद करू नका. आम्ही पहिला संपूर्ण हंगाम दोन्हीकडे लिहीत होतो, आणि वही जुळली नाही तेव्हा माझ्या कोडमधल्या दोन चुका तिनेच दाखवून दिल्या.

---

पानखूण (तीन आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितले तसे केले आहे, म्हणून कळवते.

वहीचे रकाने कागदावर उतरवायला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्यातून चारऐवजी पाच मॉडेल झाली, कारण वर्गणी आणि अनामत यांची नोंद सभासदापासून वेगळी ठेवावी लागेल असे लक्षात आले. हा निर्णय मी कोणालाही न विचारता घेतला. ॲडमिनमध्ये चाचणीसाठी साठ प्रती भरल्या. 'परत घेतले' बटणाचा प्रवास प्रिंटच्या ओळी घालून पाहिला. ३०२ची ओळ आणि तिच्यापाठोपाठ गेटची ओळ टर्मिनलवर एकाखाली एक उमटलेली पाहिली, तेव्हा तो वळसा मला खऱ्या अर्थाने समजला. सकाळी ८ वाजता दिलेल्या पुस्तकाची वेळ रात्रीचे अडीच दिसत होती. ती अडचण मी स्वतः शोधली: सेटिंग्जमध्ये जागतिक प्रमाणवेळ होती, तिथे एशिया-कोलकाता केल्यावर साडेपाच तासांचा फरक गेला. माझ्या चुकांच्या वहीत ही सातवी नोंद आहे.

आता दोन ठिकाणी अडले आहे. ब्लॉगच्या व्हिडिओत शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार केला होता, तसे पुस्तकाच्या नावावरून करायला गेले तर पत्ता रिकामाच तयार होतो आणि नोरिव्हर्समॅच अशी चूक येते. दुसरे म्हणजे 'कादंबऱ्या' हा शब्द शोधला की निम्मी पुस्तके सापडतात, निम्मी सापडत नाहीत. पडद्यावर मात्र सर्व नोंदींत शब्द अगदी सारखा दिसतो.

---

घाटमाथा यांचा प्रतिसाद

तीन आठवड्यांत आपण जिथे पोहोचलात ते वाचून फार आनंद झाला. वर्गणी वेगळी ठेवण्याचा निर्णय अगदी बरोबर आहे. दरवर्षी नवी वर्गणी येते, तेव्हा त्याचा उपयोग दिसेल. आपल्या दोन्ही अडचणी मराठीत काम करणाऱ्याच्याच वाट्याला येतात आणि इंग्रजी व्हिडिओंत त्यांचा उल्लेख सापडणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पत्ता तयार करणारे स्लगिफाय हे फंक्शन मुळात इंग्रजी अक्षरांपुरते आहे. देवनागरी अक्षरे ते गाळून टाकते, म्हणून पूर्ण मराठी नावातून काहीच उरत नाही. त्याला युनिकोड, म्हणजे इतर लिप्यांची अक्षरेही, चालू द्या असे सांगण्याची सोय आहे, पण तीही आपल्या उपयोगाची नाही, कारण पायथनच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पायमोडीचे चिन्ह ही 'अक्षरे' ठरत नाहीत आणि तीही गळतात. 'पुस्तक' या शब्दाचे 'पसतक' होते. करून पाहा, म्हणजे खात्री पटेल. माझा सल्ला असा की पत्त्यात नाव आणूच नका, पुस्तकाचा क्रमांक वापरा. नाव दुरुस्त केले तरी क्रमांक बदलत नाही, आणि दाखल क्रमांकावर विश्वास ठेवणे आपल्याला नवीन नाही.

शोधाची अडचण अधिक रंजक आहे. 'कादंबऱ्या'मधला तो अर्धा र मराठीत दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी स्वतंत्र असलेले 'ऱ' हे अक्षर आणि पायमोडी वापरतात. काही साधा र, पायमोडी आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक नावाचे न दिसणारे चिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. बहुधा आपण काही नोंदी मोबाइलवरून आणि काही संगणकावरून भरल्या असाव्यात. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण हा भेद मिटवत नाही, म्हणून एक छोटे फंक्शन स्वतः लिहा: मजकुरात र, पायमोडी आणि जोडक असा क्रम दिसला की त्याजागी ऱ आणि पायमोडी ठेवा. हे फंक्शन नोंद जतन करताना वापरा आणि शोधाचा शब्द आला की त्यावरही वापरा. जोडक नुसता पुसून टाकू नका, कारण मग अर्ध्या रचा रफार होईल आणि शब्द अशुद्ध दिसेल. जुन्या साठ नोंदी एकदा उघडून पुन्हा जतन केल्या की त्याही दुरुस्त होतील.

फंक्शन लिहिल्यावर त्यासाठी दोन ओळींची चाचणीही लिहा. दोन्ही प्रकारे टाइप केलेला शब्द द्या आणि उत्तर एकच येते का ते तपासा. जँगोमध्ये चाचणीची फाइल ॲपसोबत तयारच मिळते; आपण ती अजून उघडली नसेल.

---

पानखूण

फंक्शन लिहिले, नऊ ओळींत झाले. चाचणी आधी नापास झाली, कारण जोडकाचे चिन्ह मी चुकीच्या जागी शोधत होते. दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली. 'कादंबऱ्या' शोधल्यावर आता सर्वच्या सर्व नोंदी येतात, आणि 'दुसऱ्या', 'गोऱ्या' हे शब्दही तपासून पाहिले. पत्त्यातून नाव काढून क्रमांक घातला आहे. सोमवारपासून पहिल्या कपाटातील खऱ्या प्रती नोंदवायला घेते; देवघेवीची वही सोबत चालूच राहील.